कोटेशनमधला ‘गेमिंग पीसी’ : कमी पैशांत संगणक जुळवताना काय बघायचं?

गेल्या महिन्यात इचलकरंजीहून भाचीने व्हॉट्सॲपवर एका कागदाचा फोटो पाठवला. दुकानदाराने दिलेलं कोटेशन होतं. ‘गेमिंग पीसी. आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, ५०० वॉट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर. एकूण ३८ हजार.’ खाली तिचा मेसेज : “मामा, बघा की जरा. उद्या ॲडव्हान्स द्यायचाय.”

दाजींनी तिच्यासाठी ७५ हजार बाजूला काढले होते. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, अभ्यासालाही लागणारच, म्हणून. त्यामुळे घरात सगळे खूश होते. निम्म्या पैशांत आय सेव्हन मिळतोय म्हणजे चांगलंच झालं, असं ताईचं म्हणणं.

मी दोनच प्रश्न विचारायला सांगितले. आय सेव्हन नेमका कुठला? आणि ग्राफिक्स कार्डाचं पूर्ण नाव काय? संध्याकाळी उत्तर आलं : आय सेव्हन ३७७० आणि जीटी ७३०. म्हणजे २०१२ सालचा प्रोसेसर आणि २०१४ सालचं कार्ड. कागदावरचा एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरीही तिला हवे असलेले गेम त्यावर चालणार नव्हते.

अशी कोटेशनं सध्या बरीच फिरत आहेत, आणि त्याला कारणंही आहेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेक घरांत जुना संगणक बदलायचा विषय निघाला. त्याच सुमारास रॅमचे भाव भडकले. नवं घ्यायची गरज आणि महागाई एकदम आली, की जुना माल नव्या डब्यात घालून विकणं सोपं जातं. म्हणून हा कागद वाचायचा कसा, ते नीट सांगावंसं वाटलं.

## डब्याच्या आत कोण काय करतं?

आपल्याकडे टेबलाखालच्या अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात. खरं तर सीपीयू म्हणजे त्यातला प्रोसेसर, बिस्किटाएवढी एक चिप. बाकी डबा म्हणजे कॅबिनेट.

लग्नाचा स्वयंपाक डोळ्यांसमोर आणा. प्रोसेसर म्हणजे मुख्य आचारी. आता काय करायचं, कशानंतर काय, कुणाला काय सांगायचं, हे तो ठरवतो. ग्राफिक्स कार्ड म्हणजे पोळ्या लाटायला बसलेल्या बायकांची रांग. काम एकच, पण हात पुष्कळ. एसएसडी म्हणजे कोठीची खोली, जिथे सगळं सामान साठवलेलं असतं. रॅम म्हणजे ओटा : आत्ता लागणारं सामान कोठीतून काढून तिथे मांडायचं. मदरबोर्ड म्हणजे ही सगळी मांडणी ज्यावर उभी आहे तो मांडव. आणि एसएमपीएस, म्हणजे घरातली वीज प्रत्येक भागाला हवी तशी करून देणारा डबा, हा गॅसचा सिलिंडर.

आता पोळ्यांचा हिशोब करू. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. चित्र हलतंय असं सहज वाटायला हवं तर सगळे ठिपके सेकंदाला किमान ६० वेळा नव्याने रंगवायला हवेत. म्हणजे सेकंदाला साडेबारा कोटींच्या घरात. आचारी कितीही मुरलेला असला तरी पाचशे पानांच्या पोळ्या तो एकटा लाटू शकत नाही. गेमिंगमध्ये ग्राफिक्स कार्डाला एवढं महत्त्व आहे ते यामुळे.

सेकंदाला जितकी चित्रं तयार होतात त्याला एफपीएस म्हणतात. साठ एफपीएस म्हणजे एका चित्राला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात आचाऱ्याने सांगून आणि बायकांनी लाटून झालं पाहिजे. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्या वेगाने पंगत चालते.

## आय सेव्हन म्हटल्यावर चांगलाच असणार ना?

नाही. ‘आय सेव्हन’ हे पद आहे, वय नाही. वय पुढच्या आकड्यात दडलेलं असतं. ३७७० मधला पहिला ३ म्हणजे तिसरी पिढी. १२४०० मधले पहिले दोन आकडे म्हणजे बारावी पिढी. आय सेव्हन ३७७० मध्ये चार कोअर आहेत, म्हणजे एका वेळी काम करणारे चार हात, आणि त्यावर आठ थ्रेड, म्हणजे एका वेळी हाताळता येणारी आठ कामं. २०२२ साली आलेल्या आय थ्री १२१००एफ मध्येही नेमके तेवढेच. पण दहा वर्षांत प्रत्येक हाताचा वेग इतका वाढला की हा लहान पदाचा प्रोसेसर त्या जुन्या आय सेव्हनला सहज मागे टाकतो.

शिवाय विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षाव्यवस्था लागते. तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर ती नसते. व्हॅलोरंटसारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. भाचीच्या यादीत पहिलं नाव व्हॅलोरंटचंच होतं!

मग घ्यावं काय? बेताच्या पैशांत सहा कोअरचा प्रोसेसर पुरतो. इंटेलचा आय फाइव्ह १२४००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० हे दोन्ही त्या वर्गातले, दोघांनाही सहा कोअर आणि बारा थ्रेड, आणि दोघांच्याही कंपनीच्या खोक्यात पंखा मिळतो. ‘इंटेल की एएमडी’ यावर मुलं तासन्‌तास भांडतात. माझ्या मते या किमतीत त्या वादाला अर्थ नाही. ज्या दिवशी बोर्डासकट जो संच स्वस्त पडेल तो घ्यावा. थोडे पैसे जास्त असतील तर एएमडीच्या एएम५ सॉकेटचा, म्हणजे नव्या प्रकारच्या खाचेचा बोर्ड घेण्यात अर्थ आहे, कारण २०२७ पर्यंत आणि पुढेही या सॉकेटला आधार देण्याचं एएमडीने जाहीर केलं आहे. तीन वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलता येईल. मात्र त्याला डीडीआर५, म्हणजे डीडीआर४ नंतरच्या नव्या पिढीची रॅमच लागते, आणि सध्या तीच जास्त महाग आहे.

नावाच्या शेवटच्या अक्षराकडे लक्ष द्या. इंटेलच्या प्रोसेसरमागे ‘एफ’ असेल तर त्यात स्वतःची चित्र दाखवायची सोय नसते. ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडदा काळाच राहील. एएमडीच्या नावामागे ‘जी’ असेल तर आत बऱ्यापैकी ग्राफिक्स असतं. ज्यांच्याकडे एकूण पैसेच ४० हजारांच्या आतबाहेर आहेत त्यांना मी रायझन ५ ५६००जी सुचवतो. कार्ड न घेता व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइकसारखे हलके गेम सेटिंग उतरवून खेळता येतात.

## चार जीबीचं कार्ड, मग अडचण काय?

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती इथे. कार्डावरचे जीबी म्हणजे पोळपाटाशेजारची परात. परात मोठी घेतली म्हणून लाटणारे हात वाढत नाहीत.

जीटी ७३० मध्ये लाटणारे हात, म्हणजे कुडा कोअर, ३८४ आहेत. त्याच एनव्हिडिया कंपनीच्या २०२१ सालच्या आरटीएक्स ३०६० मध्ये ३,५८४ आहेत, आणि तेही वेगवान. परातीतून कणीक उचलायचा वेगही बघा. जीटी ७३० ची डीडीआर३ आवृत्ती सेकंदाला सुमारे १४ जीबी माहिती उचलते, आरटीएक्स ३०६० चं १२ जीबीचं कार्ड ३६० जीबी. कोटेशनवर मात्र दोन्हीकडे ‘ग्राफिक्स कार्ड’ एवढंच लिहिलं जातं.

याचा अर्थ परातीचा आकार बिनकामाचा, असंही नाही. गेममधल्या भिंती, कपडे, चेहरे यांची चित्रं कार्डाच्या मेमरीत ठेवावी लागतात. मावली नाहीत तर पुन्हा पुन्हा मुख्य ओट्यावर धावावं लागतं आणि खेळ मध्येच अडखळतो. आजच्या मोठ्या गेमना फुल एचडीवर ८ जीबी ही किमान पातळी झाली आहे, काही ठिकाणी तीही कमी पडते. म्हणून त्याच पैशांत १२ जीबीचं सक्षम कार्ड मिळत असेल तर मी तिकडे झुकतो. इंटेलचं आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ मध्ये आलेलं कार्ड त्यातलंच. पण ते जुन्या प्रोसेसरबरोबर मंदावतं आणि बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, ‘रिसायझेबल बार’ नावाची सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) चालू असावी लागते, हे माहीत असू द्या. एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६० आणि एएमडीचं आरएक्स ७६०० ही ८ जीबीची, पण कमी कटकटीची कार्डं.

आणखी एक गोष्ट. काही नवे गेम रे ट्रेसिंगशिवाय, म्हणजे प्रकाशाचे किरण मोजून सावल्या काढणाऱ्या यंत्रणेशिवाय, सुरूच होत नाहीत. २०२५ चा ‘डूम : द डार्क एजेस’ हे त्याचं उदाहरण. त्यामुळे जीटीएक्स १६५० किंवा १६६० कितीही स्वस्त मिळालं तरी आता नव्याने पैसे घालू नयेत.

नावं सारखी असणारी कार्डंही सारखी नसतात. आरटीएक्स ३०५० चं ८ जीबीचं कार्ड आणि नंतर आलेलं ६ जीबीचं कार्ड यांत फरक फक्त मेमरीचा नाही, दुसऱ्यात कोअरही कमी आहेत. आरएक्स ५८० च्या नावाखाली २,३०४ ऐवजी २,०४८ कोअरचं कार्ड मिळतं. म्हणून कार्डाचं पूर्ण नाव बिलावर लिहून घ्या.

## पैसे वाटायचे कसे?

मी भाचीला सांगितलं, आधी प्रोसेसर विसर. कुठले गेम आणि कुठल्या पडद्यावर, ते सांग. फोर-के पडद्यावर फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात, म्हणजे पोळ्याही चौपट. या पैशांत फुल एचडी मॉनिटरच योग्य. पण ६० हर्ट्‌झचा न घेता १०० किंवा १४४ हर्ट्‌झचा घ्यावा. हर्ट्‌झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलू शकतो तो आकडा. कार्डाने सेकंदाला १२० चित्रं काढली आणि पडदा साठच दाखवू शकला, तर उरलेली मेहनत वाया.

त्यानंतर एकूण रकमेचा साधारण एकतृतीयांश भाग ग्राफिक्स कार्डाला. मोठे कथाप्रधान गेमच खेळणार असाल तर चाळीस टक्क्यांपर्यंतही चालेल. व्हॅलोरंटसारखे स्पर्धेचे गेम मुख्य असतील तर थोडं प्रोसेसरकडे वळवा, कारण तिथे आचाऱ्यावर ताण जास्त येतो. मदरबोर्डावर उगाच पैसे घालू नयेत. महाग बोर्डाने गेम वेगाने चालत नाही. एनव्हीएमई प्रकारची, म्हणजे थेट मदरबोर्डावर बसणारी वेगवान, एक एसएसडी पुरे. त्यातही सर्वांत वेगवान कशाला? गेम उघडायला एखाद-दोन सेकंद कमी लागतील, खेळताना फरक जाणवणार नाही.

कॅबिनेट मात्र गावाप्रमाणे निवडा. इचलकरंजी हे यंत्रमागांचं गाव. हवेत कापसाचे तंतू असतात आणि ते पंख्यांत जाऊन नमद्यासारखे बसतात. अशा घरात समोर काच असलेली रंगीत दिव्यांची कॅबिनेट नको. समोर जाळी आणि काढून झटकता येणारा फिल्टर हवा. अकोला-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तिथेही हवा आत-बाहेर खेळती राहणारी कॅबिनेटच हवी.

## एसएमपीएसवर हजार रुपये वाचवले तर?

वाचवू नका. या एका गोष्टीवर मी भाचीशी जरा कडक बोललो.

कॅबिनेटबरोबर फुकट किंवा हजार-बाराशेला मिळणाऱ्या एसएमपीएसवर ‘५०० वॉट’ छापलेलं असतं. पण संगणकाला खरी गरज असते ती १२ व्होल्टच्या लाइनवर मिळणाऱ्या वॉटची, आणि ती त्या डब्याच्या बाजूच्या तक्त्यात वेगळी लिहिलेली असते. चांगल्या एसएमपीएसमध्ये हा आकडा एकूण आकड्याच्या अगदी जवळ असतो. स्वस्तातल्यात तो बराच खाली असतो.

हिशोब करू. १२४००एफ वर ६५ वॉट लिहिलेलं असलं तरी जोर लावताना तो ११७ वॉटपर्यंत जातो. आर्क बी५८० ला १९० वॉट. बाकी सगळं मिळून पन्नासेक. झाले साडेतीनशेच्या वर. शिवाय कार्डं क्षणभर ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढतात. म्हणून नावाजलेल्या कंपनीचा ५५० ते ६५० वॉटचा एसएमपीएस घ्यावा. त्यावरचं ‘८० प्लस ब्राँझ’ हे प्रमाणपत्र वीज किती कमी वाया जाते एवढंच सांगतं. शॉर्टसर्किट किंवा जादा भार आल्यावर तो स्वतः बंद होईल का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कंपनीने दिलेली वॉरंटी बघा. पाच वर्षांची वॉरंटी देणाऱ्याला आपल्या मालाची खात्री असते.

माझ्या एका मित्राच्या घरी लाइटच्या चढउतारात असा फुकटातला एसएमपीएस जळाला, आणि जाताना मदरबोर्ड व कार्ड घेऊन गेला.

यूपीएसबद्दलही लोक विचारतात. नेहमीच्या ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता बहुतेक वेळा ३६० वॉटच्या आसपास असते. गेम चालू असताना त्यावर मॉनिटरसकट सगळं लावलं तर लाइट गेल्याक्षणी तोही बसू शकतो. गेमिंग पीसीला १००० व्हीएच्या पुढचा बघावा, आणि तोही खेळायला नाही, नीट बंद करायला.

ताईचा प्रश्न विजेच्या बिलाचा होता. गेम चालू असताना साधारण ३०० वॉट धरले आणि रोज तीन तास, तर महिन्याला २७ युनिट होतात.

## रॅम एवढी महागली कशाने? थांबावं का?

जगातली बहुतेक सगळी रॅमची चिप तीन कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना एचबीएम नावाची खास मेमरी लागते. ती त्याच कारखान्यांत, त्याच सिलिकॉनच्या चकत्यांवर बनते, आणि एक जीबी एचबीएमला साध्या रॅमच्या सुमारे तिप्पट चकती लागते, असं मायक्रॉननेच सांगितलं आहे. मोठ्या गिऱ्हाइकाने गावातलं सगळं दूध आधीच उचललं तर रतिबाचं दूध महागणारच. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव दुप्पट-तिप्पट झाले. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने आपला क्रुशल हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडी आणि ग्राफिक्स कार्डांतही मेमरी असतेच, त्यामुळे झळ त्यांनाही लागली.

नवा कारखाना उभा राहून माल बाहेर पडायला वर्षं लागतात. त्यामुळे ‘दोन महिन्यांत उतरेल’ या आशेवर थांबायला मी सांगणार नाही. अभ्यासाला संगणक आत्ता लागतोय, तर आत्ता घ्यावा, पण गरजेपुरती रॅम घेऊन. गेमिंगला १६ जीबी पुरते. ती ८-८ च्या दोन पट्ट्यांत घ्यावी, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसरला दोन वाटांनी सामान मिळतं. ५६००जी सारख्या आतल्या ग्राफिक्सवर खेळणाऱ्यांना तर हा फरक फार मोठा पडतो.

डीडीआर४ की डीडीआर५ हे बोर्ड घेतानाच ठरतं. बारावी पिढी दोन्हीवर चालते, पण बोर्ड एकाच प्रकारचा असतो, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. घरात किंवा मित्राकडे जुन्या पीसीतली डीडीआर४ पट्टी पडून असेल तर डीडीआर४ चा बोर्ड घेऊन ती वापरा. आज तेवढेच खरे पैसे वाचतात.

## सेकंडहँड घ्यावं का?

निवडून. प्रोसेसर आणि रॅम यांत हलणारा भाग नसतो, त्या सहसा चालतात किंवा चालत नाहीत, मधलं काही नसतं. या दोन्ही सेकंडहँड घ्यायला हरकत नाही. एसएमपीएस आणि एसएसडी मात्र झिजतात, त्या नव्याच घ्याव्यात.

ग्राफिक्स कार्डाचं मधलं आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे ग्राफिक्स कार्डांवर गणितं सोडवून ते चलन मिळवणं, बंद झालं, तेव्हा वर्षानुवर्षं रात्रंदिवस चाललेली कार्डं बाजारात आली आणि त्यातली काही अजून फिरत आहेत. मुंबईत ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ओळखीच्या माणसाकडून, कार्ड लावून निदान अर्धा तास जड गेम चालवून बघा. पडद्यावर रंगीत चौकोन येतात का, पंखा खरखरतो का, तापमान कुठे जातं, ते पाहा. सीरियल नंबरवरून वॉरंटी उरली आहे का, ते कंपनीला विचारा आणि मूळ बिल मागा. “बिल नाही, पण माझी गॅरंटी” या शब्दावर वीस हजार देऊ नका. नव्या मालालाही तेच लागू. १८ टक्के जीएसटी वाचतो म्हणून बिल न घेणारे लोक वॉरंटीही सोडून देतात.

## त्यापेक्षा लॅपटॉप बरा नाही का?

हॉस्टेलवर राहणाऱ्याला, रोज कॉलेजात न्यावा लागणाऱ्याला, होय. पण त्याच नावाचं कार्ड लॅपटॉपमध्ये कमी विजेवर आणि म्हणून कमी वेगाने चालतं, आणि पुढे ते बदलता येत नाही. भाची घरून कॉलेजला जाते, तेव्हा तिच्यासाठी प्रश्नच नव्हता.

## घरी आणल्यावर

शेवटी कोटेशन असं झालं : आय फाइव्ह १२४००एफ, डीडीआर४ चा साधा बोर्ड, आठ जीबीची एक नवी पट्टी आणि तशीच एक चुलतभावाच्या जुन्या पीसीतली, ५१२ जीबीची एनव्हीएमई एसएसडी, १२ जीबीचं आर्क बी५८०, ६५० वॉटचा एसएमपीएस, जाळीची कॅबिनेट, १०० हर्ट्‌झचा मॉनिटर. ७५ हजारांत बसलं, जेमतेम. प्रत्येक वस्तूचं पूर्ण नाव आणि सीरियल नंबर बिलावर.

पहिल्या संध्याकाळी तिचा फोन आला, पडदा काळाच आहे म्हणून. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या भोकात लावली होती. ती खाली ग्राफिक्स कार्डात लावायची असते, एफ प्रोसेसर असेल तर दुसरा मार्गच नाही. मग बायॉसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायला लावलं, नाहीतर रॅम छापलेल्या वेगापेक्षा कमी वेगाने चालत राहते. तिथेच रिसायझेबल बारही तपासला. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्‌झच दिसत होते, ते १०० केले. एवढं होईस्तोवर रात्रीचे साडेदहा वाजले आणि मागून ताईचा आवाज आला, “आता जेवायला चल की आधी!”